दुसऱ्या धनुष्याचा प्रश्न

1972 हे साल मराठवाड्याच्या लक्षात राहिलं ते दुष्काळामुळे. त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि त्याच साली म्युनिकमध्ये, 52 वर्षांच्या खंडानंतर, तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली. मराठवाड्यातल्या पाथरीच्या शिवारातून पाहिलं तर धनुष्याची शिकारीकडची वाट बंद झाली नि मैदानाकडची उघडली. मात्र शिकारीसाठी जोडीला स्वस्त धनुष्य कोणतं ठेवावं, हा आज परदेशी शिकाऱ्यांना पडणारा प्रश्न आपल्याकडच्या जुन्या शिकाऱ्याला कधी पडलाच नसावा. सातपुड्यातल्या भिलांचा कमठा बांबूचा, दोरीही बऱ्याचदा बांबूच्याच कामटीची. तो मोडला तर दुसरा रानातच उभा असे. मुख्य आणि राखीव असा भेद करायला वस्तू आधी महाग व्हावी लागते.

ती महाग केली कंपाउंड धनुष्यानं. मिसुरीच्या हॉलेस ॲलन यांना त्याचं पेटंट 1969 मध्ये मिळालं. टोकांवरच्या चाकांमुळे पूर्ण ताणल्यावर हातावर मूळ वजनाचा, म्हणजे धनुष्य ताणायला लागणाऱ्या जोराचा, थोडाच भाग उरतो, त्यामुळे नेम शांतपणे धरता येतो. पण केबल तुटली की बहुतेक कंपाउंड धनुष्यांना प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून धरणारं यंत्र, लागते, आणि प्रेस काही जंगलात नेता येत नाही. म्हणून राखीव धनुष्य निवडताना किंमत आणि बाणाचा वेग यांच्याही आधी एक गोष्ट पाहावी: ते हातानं दुरुस्त होतं का? सुट्या भागांचं रिकर्व्ह, म्हणजे चाकं नसलेलं, वळलेल्या टोकांचं धनुष्य, या कसोटीला उतरतं. त्याचे लिंब, म्हणजे वाकणारे दोन बाहू, हातानं निघतात, दोरी मिनिटाभरात बदलते. स्वस्तातलं दुसरं कंपाउंड घेणारा माणूस पहिल्याचंच दुखणं विकत घेतो.

यावरचा आक्षेप रास्त आहे. कंपाउंडला सरावलेल्या हाताला रिकर्व्हचं पूर्ण वजन पेलत नाही, नेमही वेगळा बसतो. मग वजन कमी घ्यावं आणि अंतरही कमी ठेवावं. पण त्यालाही मर्यादा आहे, कारण अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणासाठी धनुष्याचं किमान वजन ठरलेलं असतं, 40 पाउंडांच्या आसपास. शिवाय बाणाचा ताठपणा धनुष्याशी जुळावा लागतो, म्हणजे दुसऱ्या धनुष्यासोबत बाणांचा दुसरा संचही आला. स्वस्ताईचा हिशेब इथेच बिघडतो.

पाथरीतला शेतकरी वेगळाच आक्षेप घेईल: रानडुकरं आणि रोही पीक फस्त करतात, मग धनुष्य का नको? राग खरा आहे. राज्य शासनानं 2015 मध्ये या दोन प्राण्यांबाबत वन विभागाच्या परवानगीची सोयही केली. पण विनापरवाना बाण सोडणं हा गुन्हाच. कायद्याच्या व्याख्येत शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच धरला जातो. शिवाय बाण मारतो तो मुख्यतः रक्तस्रावानं. जखमी डुक्कर उसात शिरलं की दुसऱ्या दिवशी खुरपणीला आलेल्या बायांपुढे काय उभं राहील, याचा विचार धनुष्य मागणाऱ्यानं करावा.

मैदानावर मात्र माझी कसोटी तशीच्या तशी लागू पडत नाही, हे मान्य करायला हवं. कंपाउंडच्या स्पर्धेत रिकर्व्हला कंपाउंडशी झुंजवण्यात अर्थ नाही, आणि सामन्यात साधन बिघडलं म्हणून घड्याळ थांबत नाही. बर्लिनला 2023 मध्ये जगज्जेते ठरलेले नागपूरचे ओजस देवतळे आणि साताऱ्याच्या अदिती स्वामी ज्या पातळीवर खेळतात, तिथे जुळवून ठेवलेलं तसंच दुसरं धनुष्य ही चैन नव्हे. तालुक्याच्या गावातल्या मुलाला हे परवडणं कठीण. त्याच्यासाठी इंडियन राउंड हा देशी स्पर्धाप्रकार आहे: बांबूचं धनुष्य, 30 आणि 50 मीटर अंतर. तिथे दुसरं धनुष्य घरच्या आवाक्यात राहतं. पुढे रिकर्व्हकडे वळताना पैसे आधी जादा दोऱ्यांवर खर्चावेत, मग लिंबांच्या दुसऱ्या जोडीवर. अख्खं दुसरं धनुष्य राज्य पातळीवर खेळू लागल्यावर घेतलं तरी चालेल.