जलरंग आणि नवशिक्याची भीति

चित्रकलेच्या तासास पहिल्यानेंच रंगाची पेटी उघडून बसलेल्या मुलाचा चेहरा आम्ही पुष्कळ वर्षें पाहात आलों आहों. पेन्सिलीनें काढतांना हाच मुलगा शेजाऱ्याशीं गप्पा मारीत असतो. चुकलें तर रबर हाताशीं असतें. परंतु ब्रश पाण्यांत बुडविला कीं त्याचें बोलणें बंद पडतें, आणि ब्रशाचें टोंक कागदापासून दोन बोटें वर अधांतरीं थरथरत राहतें. शेवटीं तो एका कोपऱ्यांत, कोणाच्या दृष्टीस पडूं नये इतका लहान ठिपका देतो. तो ठिपका त्याला आवडत नाहीं. तो पुसावयास जातो, कागदाचे तंतू निघतात, आणि "सर, माझें बिघडलें" हे शब्द आमच्या कानीं येतात.

ह्या भीतीसंबंधानें चार शब्द लिहावे असें मनांत आहे. विद्यार्थ्यांनीं ते वाचावेच. पण पालकांनींहि वाचावे, कारण ह्या भीतीचा निम्मा वाटा घरांतून येतो. उरलेल्यांतील कांहीं आमच्यासारख्या शिक्षकांकडून येतो, हें आम्ही लपवीत नाहीं.

आमचाच अनुभव सांगतों. एके वर्षीं सातवीच्या वर्गांतील एक मुलगी पैनगंगेचें चित्र रंगवीत होती. आकाश तिनें धीटपणें घातलें होतें, परंतु खालचें पाणी मातकट झालें होतें. आम्हीं तिच्या हातांतून ब्रश घेतला, ओल्या फडक्यानें तो रंग टिपून काढला, दोन हातांत नदी निळी व चकचकीत करून दाखविली, आणि "हें असें" म्हणून पुढच्या बाकाकडे वळलों. पुढच्या तासास तिनें पेटी आणली नाहीं. त्याच्या पुढच्याहि तासास नाहीं. बऱ्याच दिवसांनीं विचारलें तेव्हां ती खालीं मान घालून म्हणाली, "तें माझें चित्र राहिलेंच नव्हतें, सर." तेव्हांपासून विद्यार्थ्याच्या कागदावर आम्ही ब्रश टेकवीत नाहीं. दाखवावयाचें तें आमच्या स्वतःच्या तुकड्यावर दाखवितों.

आतां ही भीति जलरंगाचीच अधिक कां, तें पाहूं. जलरंग म्हणजे अत्यंत बारीक कुटलेलें रंगद्रव्य आणि डिंक. हा डिंक आपल्या बाभळीच्याच कुळांतील झाडांचा असतो. पाणी उडून गेल्यावर रंगाचा जो थर उरतो तो इतका पातळ असतो, कीं उजेड त्यांतून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि रंगून परत डोळ्यांत येतो. म्हणून जलरंगांतील पांढरा रंग पेटींत नसतो, तो कागदांत असतो. तैलरंगांत काळ्यावर पांढरा चढवून चूक झांकतां येते. येथें ती सोय नाहीं. फिका रंग आधीं, गडद मागाहून, आणि पांढरें ठेवावयाचें तें आरंभापासून राखून ठेवावयाचें, असा ह्या कामाचा क्रम आहे. झांकतां येत नाहीं ह्यामुळें नवशिका भितो. पण झांकतां येत नाहीं म्हणूनच ह्या रंगांत जो उजाळा दिसतो तो दुसऱ्या कशांत दिसत नाहीं.

तो पाहावयाचा असल्यास म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील एक चित्र पाहावें. हातांत दीप घेऊन एक स्त्री उभी आहे, आणि ज्योतीवर धरलेल्या बोटांतून प्रकाश लालसर होऊन बाहेर येत आहे. त्याची नक्कल पुष्कळांच्या घरीं भिंतीवर असेल. हें चित्र तैलरंगांतील आणि राजा रविवर्म्याचें आहे असें समजणारे लोक फार. वस्तुतः तें जलरंगांतील असून, सावंतवाडीस १८८२ सालीं जन्मलेले व १९६८ सालीं वारलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर ह्यांनीं १९४५-४६ च्या सुमारास काढलेलें आहे. समोर उभी राहिली होती ती त्यांचीच कन्या.

साहित्याविषयीं पालकांची समजूत अशी असते कीं बारा किंवा चोवीस वड्यांची पेटी घेतली म्हणजे मुलगा चांगलें काढील. आमचें मत उलट आहे. पिवळा, क्रिमझन तांबडा, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सायना नांवाचा विटकरी, एवढे चार रंग पहिल्या वर्षास पुरेत. निळा व विटकरी मिसळले असतां आपल्याकडील काळ्या खडकाचा हुबेहूब करडा रंग निघतो, म्हणून पेटींतील काळ्या वडीस तूर्त हात लावूं नये. (अल्ट्रामरीन ह्या शब्दाचा अर्थ समुद्रापलीकडचा. पूर्वीं हा रंग अफगाणिस्तानांतील राजावर्त दगडापासून करीत, आणि युरोपांत त्याची किंमत सोन्याशीं तोललीं जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तो फ्रान्समध्यें कृत्रिम रीतीनें बनूं लागला, म्हणून आज तो शाळकरी मुलाच्या दप्तरांत आहे.) ब्रश एकच, गोल, आठ नंबरच्या आसपासचा, ओला केल्यावर ज्याचें टोंक अणकुचीदार होतें असा घ्यावा. अगदीं बारीक ब्रश नवशिक्याचा वैरी होय. त्यांत पाणी राहात नाहीं आणि हात आंखडतो.

पैसा खर्चावयाचा तो कागदावर. वहीचा पातळ कागद पाणी लागतांच पापडासारखा फुगतो, आणि मुलाला वाटतें कीं आपणच चुकलों. चौरस मीटरास तीनशें ग्रॅम वजनाचा जाड कागद मिळाला तर तो फुगत नाहीं. मात्र एवढा महाग कागद पुढें आला म्हणजे भीति दुणावते, हेंहि खरें. ह्यावर उपाय सोपा आहे. बावीस इंच रुंद व तीस इंच लांब अशा एका मोठ्या कागदाचे सारखे सोळा तुकडे करावे आणि त्यांच्या दोन्ही बाजू वापराव्या. एका कागदांत बत्तीस चित्रें होतात, आणि बत्तिसांतील एक बिघडलें तर कोणाची झोंप उडत नाहीं.

पहिल्या दिवशीं चित्र काढूं नये. फक्त चौकोन भरावा. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन ह्यानें १८५७ सालीं नवशिक्यांकरितां एक पुस्तक लिहिलें, त्यांतील पहिला पाठहि एक चौकोन लेखणीच्या रेघांनीं सर्वत्र सारखा भरण्याचाच आहे. आपला चौकोन ब्रशानें भरावयाचा. बशींत निळा रंग पुष्कळ पाण्यांत कालवावा, चौकोन भरून उरेल इतका. नवशिका नेहमीं कमी कालवितो. मध्येंच संपला म्हणजे पुन्हां कालवूं लागतो, तोंपर्यंत पहिला वाळतो आणि त्याची कड कायमची उमटते. रंग हवा त्याहून थोडा गडद घ्यावा, कारण वाळल्यावर तो फिका पडतो. ज्या पुठ्ठ्यावर कागद लावला असेल त्याच्या वरच्या बाजूखालीं एखादें पुस्तक सारावें. भरलेल्या ब्रशानें वरच्या कडेस एक आडवी पट्टी ओढावी; उतारामुळें तिच्या खालच्या कडेवर रंगीत पाण्याची एक लांब माळ जमेल. दुसरी पट्टी त्या माळेस स्पर्श करून ओढावी, म्हणजे माळ एक पायरी खालीं उतरेल. असें तळापर्यंत जावें, उरलेलें पाणी पिळलेल्या ब्रशानें टिपून घ्यावें, आणि हात मागें ओढावा.

हें हात मागें ओढणेंच सर्वांत कठीण. अर्धवट वाळलेल्या रंगावर मुलगा पुन्हां ओला ब्रश लावतो. नवें पाणी तेथील रंगद्रव्यास बाहेर ढकलतें आणि फुलकोबीसारखी कंगोरेदार कड उठते. ती पुसूं नये. तशीच वाळूं द्यावी, आणि दुसऱ्या तुकड्यावर मुद्दाम आणखी दहा कोबी उठवाव्या. जी चूक आपण बुद्ध्या करूं शकतों तिची भीति उरत नाहीं, आणि पुढें पावसाळी ढग काढतांना हीच कड उपयोगीं पडते.

येथें एक गोष्ट मेहकरच्या मुलांसाठीं. पुस्तकांत लिहिलेल्या वेळा थंड देशांतील असतात. आमच्याकडे वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हां दुपारीं पहिली पट्टी वाळण्यापूर्वीं दुसरी ओढणें जवळ जवळ अशक्य होतें. त्या दिवसांत सकाळीं लवकर बसावें, अथवा कागद आधीं स्वच्छ पाण्यानें ओलसर करून घ्यावा. श्रावणांत ह्याच्या अगदीं उलट. रंग अर्धा तास ओलाच राहतो आणि धीर सुटतो.

चौकोन आठवडाभर भरल्यावर चित्राकडे वळावें, आणि तें समोर दिसणाऱ्या वस्तूचें असावें. येथून वीस-पंचवीस किलोमीटरांवर लोणारचें सरोवर आहे. तेथील सहलीवरून परतल्यावर एका मुलानें सरोवर गडद निळें रंगविलें. "तेथें पाणी निळें होतें काय?" असें आम्हीं विचारलें. "पाणी निळेंच असतें, सर," असें उत्तर मिळालें. वास्तविक त्या खाऱ्या पाण्यांत शेवाळ असल्यामुळें तें हिरवट दिसतें. आणि २०२० सालच्या जून महिन्यांत तर तेंच पाणी, क्षारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें, गुलाबी झालें होतें. त्या मुलानें पाणी पाहिलें नव्हतें, फक्त पाण्याचें नांव रंगविलें होतें.

त्या मुलास आम्ही हें समजावून देत असतांना एकाएकीं आम्हांस ती पैनगंगा आठवली. तें चित्र ऐन पावसाळ्यांतील होतें. त्या दिवसांत पैनगंगा गढूळच असते, पुलावरून रोज शाळेस येणाऱ्या मुलीस तें ठाऊक होतें, आणि तिनें तें तसेंच उतरविलें होतें. नदी निळी करणारे आम्ही, आणि त्या मुलांत व आमच्यांत फरक तो काय? ती मुलगी तोंवर शाळा सोडून गेली होती.

पालकांस एवढीच विनंति, कीं मुलानें कागद दाखविला म्हणजे "हें काय काढलेंस?" असें विचारूं नये, आणि "वा, फार सुंदर!" असेंहि उगाच म्हणूं नये, खोटी स्तुति मुलांस लगेच कळते. "हा रंग कसा केलास?" असें विचारावें. मूल दहा मिनिटें बोलत राहील. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या रेखाकला परीक्षा आमच्या मुलांनीं अवश्य द्याव्या. इंटरमीजिएटच्या श्रेणीवरून शालान्त परीक्षेंत वाढीव गुणहि मिळतात. परंतु त्या परीक्षेच्या आदल्या महिन्यांत पेटी विकत आणून मुलास बसविणें म्हणजे विहिरींत ढकलून पोहणें शिकविणें होय. निदान एक वर्ष आधीं चार रंग, एक ब्रश आणि ते सोळा तुकडे घरांत आणून ठेवावे. वाळलेल्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीमागें तारीख घालून, चांगला वाईट न निवडतां, ते सगळे एका जुन्या डब्यांत ठेवावे.