खजिन्याची किल्ली

गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1902 साली कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर आपले पहिले भाषण केले आणि तिजोरीतील शिल्लक मिरविणाऱ्या सरकारला ती शिल्लक रयतेच्या हलाखीशी किती विसंगत आहे हे आकड्यांनिशी दाखवून दिले. पण त्यावर मतदान झाले नाही, कारण 1892 च्या कायद्याने सभासदांना बोलण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती. पुढे मताचा हक्क मिळाला तोही लंगडाच. 1923 साली मिठावरील कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्याचा प्रस्ताव मध्यवर्ती विधानसभेने फेटाळला, तरी व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी आपल्या खास अखत्यारात तो लागू केलाच.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे आपल्या संविधानातील रुक्ष वाटणाऱ्या आर्थिक कलमांचे मोल कळते. कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येणार नाही, असे 265 वे कलम सांगते. आणि सरकारी जमेचा बहुतेक पैसा ज्या एकत्रित निधीत जातो, त्यातून संसदेने विनियोजन कायदा संमत केल्याखेरीज एक पैही काढता येत नाही. खात्याखात्यांच्या अनुदानाच्या मागण्या मंजूर करण्याचा, नाकारण्याचा किंवा घटविण्याचा अधिकार एकट्या लोकसभेला आहे. मागणी वाढविण्याचा मात्र तिलाही नाही. राज्यसभेने धनविधेयक चौदा दिवसांत परत केले पाहिजे, तिच्या शिफारशी मानणे न मानणे लोकसभेच्या मर्जीवर. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, सरकारी कर्जावरील व्याज असे काही खर्च निधीवर भारित असल्याने त्यांवर चर्चा होते, मतदान होत नाही. न्यायमूर्तींच्या पगारासाठी दरसाल सभागृहाची मनधरणी करावी लागू नये, यात शहाणपण आहे.

विरोधकांच्या हाती उरते ती कपात सूचना. मागणीतून शंभर रुपये कमी करावेत, असे एखादा सभासद सुचवितो तेव्हा त्याला शंभर रुपये वाचवायचे नसतात. विशिष्ट तक्रार वेशीवर टांगायची असते. धोरणच अमान्य असेल तर सारी मागणी एक रुपयावर आणावी, अशी सूचना येते. ती संमत झाली तर सरकारवरील विश्वासच उडाला असे मानले जाते, म्हणून सत्ताधारी पक्ष असल्या किरकोळ रकमांसाठीही आपले सारे सभासद हजर ठेवतो.

व्यवहारात मात्र चर्चेची मुदत संपली की उरलेल्या सर्व मागण्या एकदम मतास टाकल्या जातात. संसदीय परिभाषेत याला गिलोटिन म्हणतात. 2018 च्या मार्चमध्ये सभागृहात गोंधळ चालू असता सगळ्याच मागण्या चर्चेविना संमत झाल्या. गोखल्यांना बोलता येत होते, मत नव्हते. येथे मत होते आणि बोलणे नव्हते. खर्चाची खरी झडती त्यामुळे पुष्कळदा पैसा खर्च झाल्यावर, लोकलेखा समितीच्या बैठकीत होते, आणि 1967 पासून त्या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सभासदाकडे देण्याचा प्रघात आहे.