चित्राला वाचा फुटली तेव्हा

जत्रेच्या तंबूत सिनेमा पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना एक प्रसंग आठवत असेल. फीत मध्येच तुटे, अंधारात शिट्ट्या वाजत आणि चालक ती चिकटवून यंत्र पुन्हा सुरू करी. चित्र किंचित उडी घेई. परंतु ओठ आणि शब्द यांची फारकत होत नसे. ही साधी वाटणारी गोष्ट साधण्यासाठी संशोधकांना अनेक वर्षे झटावे लागले.

प्रारंभी चित्र फितीवर आणि आवाज तबकडीवर असे. अमेरिकेतील १९२७ चा ‘द जाझ सिंगर’ याच व्हायटाफोन पद्धतीचा. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी सुमारे ११ मिनिटे, म्हणजे एका रिळाइतकी चाले. परंतु सुई घसरली किंवा तुटलेल्या फितीतील काही चित्रे कापली गेली, की पुढचे सारे संवाद चुकत.

यावर उपाय म्हणून आवाजच फितीवर छापण्यात आला. ध्वनीचे रूपांतर विजेत व विजेचे प्रकाशात करून फितीच्या कडेला एक अरुंद पट्टी उमटवीत. चित्रगृहात त्या पट्टीतून जाणारा प्रकाश प्रकाशविद्युत घटावर पडे आणि पुन्हा ध्वनी निर्माण होई. चित्र दाखवताना फीत सेकंदाला २४ वेळा थबकते, ध्वनीसाठी मात्र ती अखंड सरकावी लागते. म्हणून आवाज त्याच्या चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापला जाई.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. त्याचे चित्र व ध्वनी एकाच फितीवर एकाच वेळी घेतले होते. पार्श्वगायन अद्याप आले नव्हते. नटाने अभिनय करतानाच गावे लागे. जवळच्या रेल्वेचा खडखडाट टाळण्यासाठी चित्रीकरण बहुधा रात्री चाले.

१९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी बोलपटाचा आरंभ झाला. चित्रकलेतून आलेल्या विष्णुपंत दामले यांनी प्रभातमध्ये ध्वनिलेखनाची विद्या आत्मसात केली. त्याच वर्षी भालजी पेंढारकर दिग्दर्शित ‘श्यामसुंदर’ मुंबईत २५ आठवड्यांहून अधिक चालला. त्यातील कृष्ण होता आपल्या नगरचा शाहू मोडक, १९१८ साली जन्मलेला कोवळ्या वयाचा मुलगा. पुढे १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटात त्यांनीच ज्ञानेश्वरांची भूमिका केली. ज्यांच्या ग्रंथाची निर्मिती याच जिल्ह्यातील नेवाशात झाली, त्यांना पडद्यावर वाचा मिळाली ती नगरच्या कलावंताकडून!

मूकपटाचा संवाद पाट्यांवर लिहिलेला असे. ज्याला अक्षरओळख नाही, तो शेजाऱ्याने वाचून दाखवण्यावर अवलंबून राही. बोलपटाने ती अडचण दूर केली आणि निरक्षर श्रमिकाला आपल्या भाषेतील कथा थेट ऐकता आली.

मात्र ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आवाज टिपणे पुरेसे नसते, तो जपावाही लागतो. आपल्या घरातील आजी-आजोबांचे बोल, ओव्या व आठवणी आज हातातल्या मोबाईलवर सहज ध्वनिमुद्रित होऊ शकतात. ते काम उद्यावर टाकू नये.