होटगीखालचा कातळ आणि भूकंपमापक

होटगीजवळ फताटेवाडीत एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. त्याच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पायाखालच्या बेसाल्टमध्येच जिरवता येईल का? आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडलेल्या या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांत खनिज होऊन बसला. रसायन जमते, धास्ती आहे ती दाबाची. भेगांमधल्या पाण्याचा दाब वाढला की आधीच ताणलेला भ्रंश सरकू शकतो. कोयनेचे भूकंप हे धरणाच्या पाण्याशी जोडलेले जगप्रसिद्ध उदाहरण. शिवाय १९९३ चा किल्लारीचा हादरा सोलापूरकर विसरलेले नाहीत. म्हणून वायू सोडण्याच्या बऱ्याच आधी भूकंपमापक बसवून जमिनीची नेहमीची कुरकुर नोंदवावी लागते. पुढे माणसाला न जाणवणारे धक्के वाढू लागले, तर पंपाचा दाब उतरवायचा किंवा काम थांबवायचे.