खालून आलेला आवाज

पांदण संपते तिथं मामा थबकतात आणि हातानंच मला गप करतात. मी बोलणं अर्ध्यात सोडते. निलंगा तालुक्यातलं, निटूरच्या अलीकडचं शिवार. गणपती नुकतेच गेलेत. दोन्ही अंगांना सोयाबीन पिवळं पडून वाळायला लागलंय, तूर कमरेला आलीय. ऊन कललंय आणि आभाळात पावसाचं नाव नाही.

आधी तो ऐकूच येत नाही, तळपायाला कळतो. चपलेतून बारीक थरथर वर चढते आणि तिच्या पाठोपाठ आवाज: जड, बसका, कोरडा. माळ्यावर कुणी धान्यानं भरलेलं पिंप लोळवत न्यावं तसा, फक्त माळा डोक्यावर नाही, पायाखाली आहे. दोन-तीन सेकंद. शेवटी एक दबका ठोका, की संपलं.

बांधावरची टिटवी ओरडत उठते. लगेच डाव्या हाताच्या विहिरीतून टप, टप, टप. कडेचे खडे सुटून पाण्यात पडताहेत.

"ऐकलास?" मामा विचारतात. चेहऱ्यावर भीती नाही, उलट साक्षीदार मिळाल्याचं समाधान आहे. "परवा रातच्याला बी असंच झालं. सांगितलं तर पोरं म्हणतेत, म्हाताऱ्याचे कान वाजायलेत."

मी आभाळाकडं बघते. गडगडायला ढगच नाही. खडी क्रशरचा सुरुंग? तो हवेतून येतो, कुठल्या तरी बाजूनं येतो, आणि मागून धूळ दिसते. या आवाजाला बाजूच नव्हती. पलीकडं गवत कापणाऱ्या दोघी उभ्या राहून आमच्याकडं बघतात. त्यातली थोरली ओरडून सांगते, "शेषानं मान हलिवली!" आणि स्वतःच हसते. धाकटी हसत नाही. ती विळा खाली ठेवते आणि बांधावर ठेवलेल्या लेकराला उचलून घेते.

आम्ही विहिरीपाशी जातो. पाणी बऱ्यापैकी वर आहे, त्यावर खड्यांची वर्तुळं अजून विरायची आहेत. विहिरीच्या उघड्या कडेत या मुलखाचा सगळा कारभार वाचता येतो. वर हातभर काळी, तिच्याखाली पिवळट मुरूम, मग तडकलेला काळा पाषाण. पाण्यालगत तांबड्या मातीचा एक पट्टा: लाव्हाचा एक थर निवून पुढचा यायच्या आधी वरची जमीन झिजून भाजली, तिची खूण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. किल्लारीला 1993च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी खोल विंधनछिद्र घेतलं तेव्हा हा काळा दगड 338 मीटरवर संपला, आणि त्याच्याखाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. आपण ज्याला अढळ समजतो तो दख्खनचा कातळ इथं तेवढाच जाड आहे. हालचाल होते ती त्याच्या खालच्या जुन्या, भेगाळलेल्या खडकात.

मोबाइलला बांधावर चढल्यावर रेंज येते. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं 'भूकंप' नावाचं अॅप उघडते. लातूरच्या नावावर काहीही नाही. थोडा वेळ थांबून पुन्हा बघते. नाहीच.

लातूरकरांना हे नवं नाही. 2022च्या सप्टेंबरात याच तालुक्यातल्या हासोरीत असे आवाज सुरू झाले आणि माणसं पावसात घराबाहेर झोपायला लागली. पुढं 2023च्या फेब्रुवारीत निटूर-डांगेवाडी भागात आवाज झाले. त्याच महिन्यात, 15 तारखेला बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, थेट लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या परिसरात लोक दचकून रस्त्यावर आले. प्रशासनानं लातूर, औराद शहाजानी आणि आशीव इथल्या भूकंपमापन केंद्रांकडं विचारणा केली. उत्तर आलं, भूकंपाची नोंद नाही. माणसांनी ऐकलं आणि यंत्रांनी ऐकलं नाही, असा हा मामला.

"मंग आमी खोटं बोलायलाव का?" मामा विचारतात.

नाही, मामा. धक्का अगदी बारका आणि उथळ असला की त्याच्या लहरी जमिनीतून वर येतात आणि पृष्ठभागाशी पोचल्यावर तिथली हवाच हलवतात. सेकंदाला वीसपेक्षा जास्त कंपनं असली की माणसाचा कान ती पकडतो. मऊ, गाळाच्या जमिनीत ही बारीक कंपनं वाटेतच मुरतात, पण कठीण काळ्या पाषाणातून ती वरपर्यंत येतात. म्हणून इथं भांडं हलत नाही आणि आवाज मात्र येतो. लांबच्या यंत्रापर्यंत पोचेस्तोवर तो धक्का ट्रक-ट्रॅक्टरच्या गोंगाटात हरवूही शकतो. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात मूडस नावाच्या गावी लोक शतकानुशतकं असेच आवाज ऐकत आले. 1980च्या दशकात तिथं जवळ जवळ यंत्रं लावली तेव्हा अगदी कमी खोलीवरचे चिमुकले भूकंप सापडले. आपल्याकडं पालघरच्या डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची मालिका झाली, तिथंही लोक आधी आवाजच सांगत.

मामा ऐकून घेतात. मग हलक्या आवाजात विचारायचं ते विचारतात, "मोठा येईल का?"

इथं माझं शास्त्र थांबतं. कारण दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. नांदेड शहरात 2007च्या आगेमागे बारीक धक्के आणि आवाज सुरू राहिले, हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेनं यंत्रं बसवली, आणि मोठं काही झालं नाही. हिंगोलीच्या वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या लोकांनी कैक वर्षं गूढ आवाज ऐकले. मग 21 मार्च 2024च्या सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात 4.5चा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत माणसं अंगणात आली. आणि किल्लारी तर आहेच. तिथं 1992च्या ऑक्टोबरात धक्के बसले, मग सगळं शांत झालं. भूकंपाच्या धोक्याच्या नकाशात हा भाग तेव्हा देशातल्या सगळ्यांत सुरक्षित पट्ट्यात होता. आणि पुढच्या वर्षी मोठा आला.

मामा बांधावर बसतात, तंबाखू मळत राहतात, तोंडात मात्र टाकत नाहीत. 30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या रात्री विसर्जन झालेलं. दमून आलेली माणसं गाढ झोपेत. "आमचं गाव वाचलं," ते सांगतात, "पन तांबडं फुटल्यावर किल्लारीकडं गेलो तर गाव कुठं हाय तेच कळंना. नुस्ता मातीचा ढीग. माळवदं बसली होती, बाई, जागच्या जागी बसली होती."

गेलेली माणसं दहा हजारांच्या घरात. रिश्टर मापावर तो भूकंप 6.4चा, म्हणजे जगाच्या हिशेबात प्रचंड नव्हे. मारलं ते घरांनी. मराठवाड्याचं माळवद उन्हाळ्यात गार असतं, त्याचं कौतुक मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण वर दरवर्षी थापलेल्या मातीचं ओझं, आणि खाली दोन-तीन फूट रुंदीची दगड-मातीची भिंत. ती बाहेरून एकसंध दिसते, आत मात्र दोन पदर असतात, मध्ये दगडगोट्यांची भर. आरपार जाणारे दगड नसले की हादऱ्यानं पदर सुटतात, भिंत फुगते, फुटते, आणि छत सरळ अंथरुणावर येतं. दोन जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. 2002च्या सुधारित नकाशात लातूर तिसऱ्या क्षेत्रात आलं. नकाशा सुधारला. भिंती सगळीकडं सुधारल्या असं म्हणवत नाही, कारण इथून गावाकडं नजर टाकली तरी जुने वाडे आणि त्यांच्यावर चढवलेली नवी पत्र्याची, विटांची खोली दिसते. खाली तीच माती.

मला दोन गोष्टींचा राग येतो. 'नोंद नाही, घाबरू नका' एवढं सांगून मोकळं होणं ही एक. आवाज झाला की मोबाइलवर फिरणारी 'आज रात्री तीन वाजता' ही दुसरी, आणि ती अधिक हलकट आहे. भूकंपाची वेळ सांगणारं कुणी जगात नाही.

पलीकडून ट्रॅक्टरवरचा पोरगा हाक देतो, "आवाज आला का हो इकडं?" मामा उभे राहून मोठ्यानं सांगतात, "आला! पाच वाजून दहा मिनिटाला!" त्यांनी घड्याळ कधी बघितलं, मला कळलं नाही.

हेच करायला हवं. असा आवाज ऐकलात तर तारीख, वेळ, किती सेकंद आणि कुठं उभे होतात, एवढं लिहा आणि तहसील कार्यालयात द्या, किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर कळवा. यंत्रं कुठं बसवायची ते अशा नोंदींवरून ठरवता येतं. आणि ज्या भिंतीला उशी लावून झोपता ती दगड-मातीची असेल, तर आज खाट तिथून हलवा. नवी खोली बांधताना दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधणारा सिमेंट-सळईचा पट्टा गवंड्याकडून घालून घ्या. तो झाकला जायच्या आत स्वतः बघून या.