कैफियत खलनायकांची
लेखमाला : जपानी ॲनिमेचे नायक – लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण ‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकूपाशी थांबलो होतो. गोकू मार खातो, हरतो, पुन्हा तालमीला लागतो आणि पुढच्या खेपेला आधीपेक्षा तगडा होऊन उभा राहतो. कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झी’ पाहत मोठ्या झालेल्या पिढीत हे गणित इतकं भिनलंय, की महानायकाची गोष्ट म्हणजे त्याच्या तालमीची गोष्ट असं आपण धरूनच चालतो. आजच्या नायकाची तालीम मात्र पडदा उघडायच्या आधीच आटोपलेली आहे. समोर कुणीही येवो, एक ठोसा आणि खेळ खलास.

‘वन पंच मॅन’ची सुरुवात अगदीच साधी झाली. ‘वन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या हौशी चित्रकथाकाराने २००९मध्ये ती इंटरनेटवर टाकायला घेतली. चित्रं कच्ची, जवळजवळ शाळकरी वहीतली. पण विनोदाची जाण पक्की. ‘आयशील्ड २१’ काढणारे नामवंत चित्रकार युसुके मुराता यांनी २०१२पासून हीच कथा आपल्या हाताने नव्याने चितारली आणि २०१५च्या ऑक्टोबरमध्ये मॅडहाउस स्टुडिओची, शिंगो नात्सुमे दिग्दर्शित बारा भागांची ॲनिमे मालिका आली.

निकाल आधीच ठाऊक असलेली कुस्ती कुणी का पाहावी? या कथेचा नायक साईतामा जिंकणार हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मग उरतात ती बाकीची पात्रं. वननं सगळी मेहनत त्यांच्यावर घेतली आहे आणि तिथे त्यानं एक गंमत करून ठेवली आहे. या गोष्टीत प्रत्येक खलनायकाला खलनायक होण्याचं सबळ कारण आहे. नायकाला मात्र नायक होण्याचं सांगण्यासारखं कारणच नाही.

पहिल्याच भागातला व्हॅक्सिन मॅन घ्या. माणसांनी पृथ्वीवर जे विष ओतलं त्यातून आपण जन्मलो, आपण म्हणजे या ग्रहाचीच इच्छा, अशी त्याची तडफदार कैफियत. ती मांडून झाल्यावर तो समोरच्या टकल्याला विचारतो, तू कोण? साईतामा म्हणतो, मी छंद म्हणून नायकगिरी करतो. व्हॅक्सिन मॅन खवळतो तो याच उत्तरावर. इतकी भुसभुशीत पार्श्वभूमी घेऊन हा आपल्यासमोर आलाच कसा, असा त्याचा आक्षेप. मला तर तो रास्त वाटतो. पृथ्वीचा प्रतिनिधी म्हणून आलेल्याला समोर निदान सूड, शपथ, मेलेला बाप असं काहीतरी नको का? पुढच्या क्षणी ठोसा बसतो आणि व्हॅक्सिन मॅनच्या चिंधड्या उडतात. साईतामा मात्र, पुन्हा एकाच ठोशात संपलं म्हणून, हताश होऊन ओरडतो.

तीन वर्षांपूर्वी हा साईतामा सूटटाय घालून नोकरीच्या मुलाखतींना जाणारा बेकार तरुण होता. एकदा रस्त्यात त्याला खेकडे खाऊन खाऊन खेकडा झालेला एक राक्षस भेटतो. त्याचा राग एका पोरावर असतो, कारण झोपेत असताना त्या पोरानं मार्करनं त्याच्या अंगावर नको ते काढून ठेवलेलं असतं. बघा, खेकड्यालाही कारण आहे! साईतामा मार खातो, पण गळ्यातला टाय वापरून त्याला लोळवतो. तिथून तो तालमीला लागतो : रोज शंभर जोर, शंभर पोटाचे व्यायाम, शंभर बैठका, दहा किलोमीटर धावणं, तीन वेळचं जेवण, आणि उन्हाळ्यात एसी, हिवाळ्यात हीटर बंद. तीन वर्षांत केस गेले आणि अफाट ताकद आली. हे रहस्य ऐकायला आसुसलेला त्याचा शिष्य जेनोस चिडतो, कारण असा व्यायाम तर कुणीही करतं.

हा एकोणीस वर्षांचा जेनोस सायबॉर्ग आहे. एका वेड्या सायबॉर्गनं त्याचं गाव बेचिराख केलं, घरचे गेले, मग एका शास्त्रज्ञानं त्याला यंत्राचं शरीर दिलं. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत तोच नायक झाला असता. इथे तो आपली करुण कहाणी सांगायला बसतो, ती लांबते, लांबतच जाते, आणि शेवटी साईतामाचा संयम सुटतो : वीस अक्षरांत आटप! ॲनिमेतल्या खलनायकांची आणि दुखावलेल्या नायकांची स्वगतं वर्षानुवर्षं ऐकत आलेल्या प्रेक्षकाच्या मनातलंच तो बोलतो.

कैफियत आणि ठोसा यांची सगळ्यात सुरेख गाठ पडते ती ‘हाउस ऑफ इव्होल्यूशन’मध्ये. डॉ. जीनस हा बुद्धिमान शास्त्रज्ञ. माणसाची उत्क्रांती झटपट घडवून आणायचं त्याचं स्वप्न कुणी मनावर घेत नाही, तेव्हा तो एकटाच तळघरात शिरतो, स्वतःला पुन्हा तरुण करतो, स्वतःच्याच प्रतिकृती काढतो. त्याची सर्वोच्च निर्मिती म्हणजे कार्नेज काबुतो हा प्रचंड भुंगेरा. काबुतो आपलं उग्र रूप धारण करून जाहीर करतो, की आता आठवडाभर, येत्या शनिवारपर्यंत, मी संहार करणार. साईतामाचा चेहरा पडतो. काबुतोला वाटतं, घाबरला. पण येता शनिवार म्हणजे आज शनिवार, आणि आज तर सुपरमार्केटमध्ये स्वस्ताईचा दिवस! तो चुकल्याच्या संतापात काबुतो संपतो. डॉ. जीनस उत्क्रांतीचा नाद सोडतो आणि पुढे चक्क ताकोयाकीचं दुकान थाटतो. ऑक्टोपसचे तुकडे घातलेले हे गोळे जपानात रस्त्याकडेला मिळतात. मालिकेतलं हे माझं सगळ्यात आवडतं पुनर्वसन.

इथपर्यंत हा निखळ विनोद आहे. रंग बदलतो तो ‘हीरो असोसिएशन’ आल्यावर. साईतामानं खेकड्यापासून वाचवलेल्या त्या पोराचे आजोबा गडगंज श्रीमंत. त्यांनीच ही संस्था काढली. एस, ए, बी, सी असे वर्ग, प्रत्येक वर्गात क्रमांक, आणि सी वर्गात दर आठवड्याला काहीतरी करून दाखवलं नाही तर यादीतून नाव बाद. शिवाय राक्षसांचीही प्रतवारी : लांडगा, वाघ, दैत्य, ड्रॅगन आणि सगळ्यात वर देव. भरतीची परीक्षा तर आपल्याकडच्या पोलीस भरतीसारखी, मैदानी आणि लेखी. साईतामाला मैदानीत पन्नासपैकी पन्नास, लेखीत एकवीस. उत्तीर्ण व्हायला सत्तर लागतात, याला एकाहत्तर. जगातला सर्वांत बलवान माणूस काठावर पास होऊन सी वर्गाच्या तळाशी, ३८८व्या क्रमांकावर लागतो. शंभरपैकी शंभर मिळवणारा त्याचा शिष्य थेट एस वर्गात.

आता कारणं नायकांकडेही येतात, पण ती बहुतेक क्रमांकाची. फुबुकी ही बी वर्गात पहिली. वर जायची तिची कुवत आहे, पण वर गेलं की पहिलेपण जातं. म्हणून ती तिथेच आपला गट बांधून नवख्यांना दाबत बसते. तिची थोरली बहीण तात्सुमाकी एस वर्गात दुसरी आहे, हे ध्यानात घेतलं की फुबुकीचा आटापिटा हास्यास्पद वाटेनासा होतो.

आणि किंग! एस वर्गात सातवा, ‘पृथ्वीवरचा सर्वांत बलवान माणूस’ असा लौकिक. डोळ्यावर व्रण, तोंडातून शब्द नाही, आणि लढाईआधी त्याच्या अंगातून घुमणारा ‘किंग इंजिन’चा धडधडाट ऐकून राक्षस पळ काढतात. तो धडधडाट म्हणजे भीतीनं उडणारं त्याचं काळीज. किंग हा व्हिडिओ गेममध्ये रमणारा साधा घरकोंबडा. योगायोगानं तो हजर होता तिथले राक्षस साईतामानं मारले आणि श्रेय याच्या पदरात पडलं. घरी आलेल्या साईतामाला तो हे कबूल करतो तो प्रसंग विनोदी आहे, पण त्यात हशा कमी आणि अवघडलेपण जास्त. साईतामाला राग येत नाही. पुढे दोघं मित्र होतात, गेम खेळतात, आणि साईतामा दर वेळी हरतो. ज्याला विश्वात कुणी हरवू शकत नाही त्याला रोज हरवणारा माणूस म्हणजे हा भित्रा किंग. वनच्या लेखणीतलं हे सगळ्यात पक्कं पात्र, असं माझं मत. साईतामाकडे ताकद आहे, नाव नाही. किंगकडे नाव आहे, ताकद नाही. दोघांनाही त्यातून सुख मिळालेलं नाही.

समुद्राच्या राजाचा प्रसंग या सगळ्यावर कडी करतो. पाऊस कोसळतोय, लोक निवाऱ्यात दडलेत, एकामागून एक नायक आडवे होतायत. जेनोसला धीर देणाऱ्या छोट्या मुलीवर हा राजा आम्ल थुंकतो. जेनोस मध्ये पडतो आणि त्याचं शरीर वितळतं. मग सायकल मारत येतो मुमेन रायडर, सी वर्गात पहिला. त्याच्या अंगी कसलीही अचाट शक्ती नाही. आपण जिंकू शकत नाही हे त्याला नीट ठाऊक आहे. तरी तो उभा राहतो, पडतो, परत उभा राहतो. शेवटी साईतामा पोहोचतो, एक ठोसा, ढगसुद्धा फाटतात. आणि गर्दीतला एक जण म्हणतो, सी वर्गाच्या माणसानं एका फटक्यात मारला म्हणजे आधीचे सगळे कुचकामीच असणार. साईतामा मोठ्यानं हसतो आणि सांगतो, की बाकीच्यांनी त्याला आधीच खिळखिळं केलं होतं, मी उशिरा येऊन आयतं श्रेय लाटलं. लोक लगेच विश्वास ठेवतात. कारण नसलेल्या नायकाचं मोठेपण मला दिसतं ते इथे, त्या खोट्या हसण्यात. नंतर त्याला पत्रं येतात. काहींत शिव्या, एकात आभार.

पहिल्या पर्वाचा शेवटचा खलनायक बोरोस अवकाशातून येतो. त्याचं कारण साईतामाच्या फार जवळचं : बरोबरीचा कुणी उरला नाही म्हणून आलेला कंटाळा. पृथ्वीवर जोडीचा योद्धा भेटेल अशा भविष्यवाणीच्या भरवशावर त्यानं वीस वर्षं प्रवास केलेला. मरताना तो ओळखतो की साईतामा आपल्याशी पुरत्या ताकदीनं लढलाच नाही. ज्याचा कंटाळा आपल्यासारखाच, त्याचाही कंटाळा घालवणं साईतामाला जमत नाही.

मग २०१९चं दुसरं पर्व. स्टुडिओ बदलून जे. सी. स्टाफ आला आणि मारामारीतली जान गेली, यात वाद नाही. पण गारो आहे म्हणून ते पाहावं. बँग या एक्याऐंशी वर्षांच्या वस्तादाचा हाकललेला शिष्य गारो नायकांची शिकार करत फिरतो. लहानपणी टीव्हीवर राक्षस दर आठवड्याला हरायचा तेव्हा याचा जीव राक्षसासाठी तुटायचा. शाळेतला लोकप्रिय मुलगा खेळात नायक व्हायचा, गारोला राक्षस करायचा आणि बाकीचे मिळून त्याला बडवायचे. लोकांचा लाडका जिंकतो, नावडता हरतो, हा त्याचा दावा. आणि क्रमांकावर चालणारी ती संस्था पाहिली की तो खोडून काढणं जड जातं. एकदा तर तो नकळत साईतामावरच हात टाकतो आणि एका फटक्यात बेशुद्ध पडतो. त्याची इतकी तयार कैफियत, आणि ती ऐकून घ्यायलासुद्धा समोरचा थांबलेला नाही.

गारोला नायकांची माहिती मिळते ती एका लहान मुलाजवळच्या पुस्तकातून. सगळ्यांनी हिणवलेलं पोर, नायकांचं वेडं. जखमी गारो एका झोपडीत लपलेला असताना नायकांची टोळी त्याला घेरते, आणि ते पोर आत आहे हे त्यांच्या गावीही नसतं. गारोला बाजूला होऊन निसटता आलं असतं. तो झोपडीच्या पुढ्यात उभा राहतो आणि गोळ्यांचा मारा अंगावर घेतो. तिसरं पर्व २०२५मध्ये आलं. त्यातल्या राक्षसांच्या संघटनेकडे पुढच्या आठवड्यात वळू. तोवर दुसऱ्या पर्वातली ही झोपडीची लढाई पाहून ठेवा, कारण गारोला कोणत्या यादीत घालायचं हा वाद तिथूनच पुढे न्यायचा आहे.