सुट्या भागांतून उभी राहणारी कोब्रा

ज्या जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या प्रतिकृती सर्वांत जास्त निघाल्या, त्यांत शेल्बी कोब्राचे नाव आधी घ्यावे लागते. फेब्रुवारी 1962 मध्ये इंग्लंडच्या एसी कार्स कंपनीने आपल्या ‘एस’ या हलक्या उघड्या गाडीचा इंजिन नसलेला सांगाडा विमानाने अमेरिकेला पाठवला. तिथे कॅरोल शेल्बीने त्यात फोर्डचे व्ही-8 इंजिन बसवले. 1965 च्या सुमारास रुंद मडगार्डांची, कॉइल स्प्रिंगची आवृत्ती आली, आणि आजच्या बहुतेक प्रतिकृती तिच्यावरूनच बेतलेल्या असतात. मूळ गाड्या जेमतेम हजारभर बनल्या. त्यांतली पहिली 2016 मध्ये लिलावात 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरला गेली. साध्या पगारदार माणसाला कोब्रा हवी असेल, तर ती किट मागवून स्वतः बांधणे हाच मार्ग उरतो.

असे किट पुरवणाऱ्या कंपन्यांत मॅसॅच्युसेट्समधली, 1995 साली सुरू झालेली फॅक्टरी फाइव्ह ही मोठी कंपनी आहे. किटमध्ये पोलादी नळ्यांची वेल्डिंग केलेली चासी, फायबरची बॉडी, अ‍ॅल्युमिनियमचे कापून वाकवलेले पत्रे, सस्पेन्शन, वायरिंग आणि खोकी भरून नट-बोल्ट येतात. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल मालकाने मिळवायचा असतो. बरेच जण त्यासाठी जुनी फोर्ड मस्टँग घेऊन खोलतात.

पहिले काम यादी तपासण्याचे. खोक्यातला एकेक भाग मोजून, नाव लिहून फळीवर लावला जातो. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर पुढे एखाद्या बुशसाठी सगळी जोडणी अडून बसते. मग बॉडी उचलून बाजूला ठेवतात आणि चासी घोड्यांवर घेतात. पुढचे सस्पेन्शन, स्टिअरिंगची रॅक आणि पेडल हे भाग वेगाने चढतात. इथे पाना चालवता येणे पुरेसे असते. मात्र शेवटचे आवळणे टॉर्क पान्यानेच करायचे आणि आवळलेल्या बोल्टवर रंगाची रेघ मारून ठेवायची.

पत्र्यांच्या कामात मात्र चिकाटी लागते. पत्रा चासीवर धरून मागून पेन्सिलीने नळीच्या कडा उमटवायच्या, त्या दोन रेघांच्या मधोमध सारख्या अंतरावर भोके पाडायची, पत्रा तात्पुरत्या पिनांनी अडकवून नीट बसतो का ते पाहायचे, काढून भोकांच्या कडांचा बूर साफ करायचा आणि मग सिलिकॉनची धार देऊन रिव्हेट मारायचे. पायांजवळच्या खोक्याचे पत्रे शेवटी मारावेत, कारण एकदा ते बंद झाले की पेडल आणि मास्टर सिलिंडरपर्यंत हात पोचत नाही. इंजिन आणि एक्झॉस्ट अगदी शेजारी असल्याने या पत्र्यांना आतून उष्णतारोधक थर द्यावा लागतो, नाहीतर उन्हाळ्यात चालकाचे पाय भाजतात.

ब्रेकची नळी बनवणे हे या कामातले सर्वांत जबाबदारीचे कौशल्य म्हणावे लागेल. तीन सोळांश इंच जाडीची नळी कापून तिचे तोंड हत्याराने दुहेरी फुलवले जाते. नट आधी नळीवर सरकवायचा असतो. तोंड एका बाजूला कलले किंवा त्याला बारीक चीर गेली, तर तो तुकडा टाकून द्यावा. ऑइल भरल्यावर दूरच्या चाकापासून सुरुवात करून एकेका चाकाची हवा काढतात, आणि मग पेडल दाबून धरून प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद फिरवून पाहतात. कागदावर ओला डाग दिसला तर सांधा पुन्हा बांधायचा.

वायरिंगमध्ये घोळ होतो तो बहुधा अर्थिंगचा. चासीवरचा पावडर कोटिंगचा थर वीज वाहू देत नाही, म्हणून अर्थिंगच्या जागी तो खरवडून उघडे लोखंड काढावे लागते. बॉडी फायबरची असल्याने दिव्यांची अर्थिंगही पत्र्याच्या गाडीसारखी बॉडीवर घेता येत नाही. प्रत्येक दिव्याला वेगळी वायर ओढावी लागते.

इंजिन आणि गिअरबॉक्स आधी एकमेकांना जोडतात आणि क्रेनला तिरके टांगून वरून आत सोडतात. मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा शाफ्ट या गाडीत फारच आखूड असतो, म्हणून गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचे कोन काळजीने जुळवले नाहीत तर धावताना थरथर जाणवते. फोर्डच्या जुन्या 302 इंजिनात ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर चालतो. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी डिस्ट्रिब्युटर काढतात, षटकोनी सळई ड्रिलला लावून पंपापर्यंत उतरवतात आणि ड्रिल उलट्या दिशेने फिरवतात. सुरुवातीला ते मोकळे फिरते. ऑइल चढले की एकदम जड होते आणि प्रेशरचा काटा उठतो. त्यानंतरच चावी फिरवावी. कोरड्या बेअरिंगवर इंजिन काही क्षण जरी फिरले, तरी ती झीज भरून येत नाही.

बॉडी चढवण्याआधी गाडी नुसत्या चासीवर, मोकळ्या जागेत हळू चालवून पाहण्याची पद्धत आहे, आणि ती पाळावीच. गळती, सैल बोल्ट, चुकीची वायर या वेळी सगळे समोर उघडे असते. दुरुस्ती मिनिटांत होते.

बॉडीचे काम बाहेरून सोपे वाटते, पण बहुतेकांचा सर्वाधिक वेळ तेच खाते. साच्याच्या जोडरेषा घासून खोल करायच्या, त्यांत फायबरमिश्रित पुट्टी भरायची, ती पूर्ण सुकू द्यायची. घाई केली तर रंगानंतर कडक उन्हात ती रेघ वर उमटते. दारे, बॉनेट आणि डिकीच्या फटी सारख्या येईपर्यंत कुठे घासावे लागते, कुठे भरावे लागते. मग लांब ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून तिरक्या हाताने पृष्ठभाग घासतात. हात उघड्या बोटांनी फिरवला तर खड्डे पडतात. मूळ कोब्राचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे हातोडीने घडवलेले होते, त्यामुळे दोन गाड्या तंतोतंत सारख्या नसत. प्रतिकृतीच्या फटी मूळ गाडीपेक्षा सरळ येऊ शकतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

शेवटचा टप्पा नोंदणीचा. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. तिथे ब्रेक आणि दिव्यांबरोबर बाहेरच्या कडांची गोलाईही मोजतात, ती अडीच मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. कॅलिफोर्नियात प्रदूषणाच्या नियमांतून सवलत मिळवणाऱ्या अशा गाड्यांसाठी वर्षाला फक्त 500 परवाने निघतात. प्रत्येक ठिकाणी इंजिन, गिअरबॉक्स आणि चासी कुठून आली याचा पुरावा मागितला जातो. म्हणून किटची मागणी नोंदवण्याआधी आपल्या भागातले नियम वाचावेत, आणि जुन्या मस्टँगच्या कागदांपासून शेवटच्या बोल्टपर्यंतची प्रत्येक पावती पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावावी.